पेटंटचा पत्ता कसा वाचायचा? रसायन आणि धातूंच्या ‘सी’ विभागात पहिलं पाऊल

गंजरोधक पोलादासाठी हॅरी ब्रिअर्ली यांना १९१६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. क्रमांक ११,९७,२५६. त्याचं शीर्षक काय असेल? ‘कटलरी’. बस्स, एवढंच. सुऱ्या-काट्यांना डाग पडू नयेत म्हणून हे पोलाद त्यांनी मांडलं, म्हणून शीर्षकही सुऱ्या-काट्यांचं. आज कुणी शीर्षकांमध्ये ‘स्टेनलेस स्टील’ हे शब्द टाकून शोधायला बसलं, तर या धातूच्या इतिहासातला एक महत्त्वाचा कागद जाळ्यातून सहज निसटेल.

पेटंट लिहिणारा आपल्या सोयीचे शब्द वापरतो, कधी कधी मुद्दाम आडवळणाचे. शिवाय पेटंट जपानी, जर्मन, कोरियन, चिनी अशा कुठल्याही भाषेत असतं. म्हणून प्रत्येक पेटंटला शब्दांपलीकडचा एक पत्ता दिला जातो. तो पत्ता म्हणजे वर्गीकरणाचा संकेत. तो वाचता आला की भाषेची आणि शब्दांची अडचण बरीच कमी होते. हा लेख त्यासाठीच आहे, आणि त्यातही रसायन व धातू यांच्यासाठी, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त चकतो तो तिथेच.

आधी थोडी ओळख

जगभर चालणाऱ्या पद्धतीचं नाव आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण, बोलीभाषेत आयपीसी. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारावर ती उभी आहे. करार अमलात आला १९७५ मध्ये, आणि जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, तिचा सांभाळ करते. तिच्यात ७०,००० हून जास्त कप्पे आहेत. युरोपीय आणि अमेरिकी पेटंट कार्यालयांनी मिळून याच सांगाड्यावर आणखी बारीक कप्पे पाडले. ती सीपीसी, म्हणजे सहकारी पेटंट वर्गीकरण. १ जानेवारी २०१३ पासून ती वापरात आहे आणि तिच्यात सुमारे २,५०,००० नोंदी आहेत. सांगाडा एकच असल्यामुळे एक शिकलं की दुसरी अर्धी येतेच.

(ट्रेडमार्कचे ४५ वर्ग ही वेगळीच गोष्ट. त्यांना नीस वर्गीकरण म्हणतात. नवखे लोक दोन्हींची हमखास गल्लत करतात. इथे त्यांचा काही संबंध नाही.)

संपूर्ण तंत्रज्ञान आठ विभागांत वाटलेलं आहे. ए म्हणजे माणसाच्या गरजा: शेती, अन्न, औषध. बी म्हणजे प्रक्रिया आणि वाहतूक. सी म्हणजे रसायन आणि धातुशास्त्र. डी कापड आणि कागद. ई बांधकाम. एफ यंत्रं, उष्णता, शस्त्रं. जी भौतिकी. एच वीज. सीपीसीत याशिवाय वाय नावाचा एक जादा विभाग आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

पायरी १: पत्ता फोडून वाचा

कागदावर हे संकेत रोमन अक्षरांत असतात. इथे मी ते उच्चाराप्रमाणे लिहितो. एक नमुना घेऊ: सी२२सी ३८/४४.

पहिलं ‘सी’ हा विभाग. ‘सी२२’ हा वर्ग: धातुशास्त्र आणि मिश्रधातू. ‘सी२२सी’ हा उपवर्ग: मिश्रधातू. ‘३८/००’ हा मुख्य गट: लोहाचे मिश्रधातू, म्हणजे मिश्र पोलाद वगैरे. आणि ‘३८/४४’ हा उपगट. गावाचं नाव, पेठ, गल्ली, घर क्रमांक, असाच हा प्रकार.

पण एक फसवी जागा आहे. तिरप्या रेघेनंतरचे आकडे पाहून कोण कोणाच्या पोटात आहे हे कळत नाही. ते कळतं नावापुढच्या टिंबांवरून. ३८/४४ चं स्वतःचं नाव आहे फक्त ‘मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनसह’, आणि त्यापुढे तीन टिंबं आहेत. आता वर सरकत जायचं, दोन टिंबांची पहिली ओळ भेटेपर्यंत. ती आहे ३८/४०, ‘निकेलसह’. आणखी वर एका टिंबाची ओळ ३८/१८, ‘क्रोमियम असलेले’. मग मुख्य गट. सगळं जोडलं की पूर्ण अर्थ लागतो: लोहाचा असा मिश्रधातू ज्यात क्रोमियम आहे, सोबत निकेल आहे, आणि शिवाय मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन आहे. ज्यांना ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील माहीत आहे, त्यांना हे घर कुणाचं ते लगेच कळेल.

एकट्या ओळीवर कधीही विश्वास ठेवू नका. ‘मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनसह’ ही ओळ ३८/२२ पाशीही येते, पण तिथे तिच्या वर फक्त क्रोमियम आहे, निकेल नाही. शब्द तेच, घर वेगळं.

आणखी एक बारकावा. रेघेनंतर दोनपेक्षा जास्त आकडे असतील तर ते दशांशासारखे वाचायचे. औषधांच्या ए६१के ३१/४४ नंतर ३१/४४०२ येतो आणि त्याच्याही नंतर ३१/४५. चार हजार चारशे दोन असं मोजत खाली गेलात तर यादीत तो तुम्हाला कधीच सापडणार नाही.

पायरी २: सी विभागाचा नकाशा डोक्यात ठेवा

पाठ करायची गरज नाही. पण एकदा शांतपणे नजर फिरवाच, कारण या विभागाला स्वतःचा असा एक क्रम आहे.

सी०१ अकार्बनी रसायन, सी०२ पाण्याची शुद्धी, सी०३ काच, सी०४ सिमेंट आणि सिरॅमिक, सी०५ खतं, सी०६ स्फोटकं आणि काड्यापेटीच्या काड्या. सी०७ कार्बनी रसायन, म्हणजे निश्चित रचनेचे छोटे रेणू. सी०८ बहुवारिकं, म्हणजे प्लॅस्टिक आणि रबर. सी०९ रंग, लेप, चिकटपदार्थ. सी१० पेट्रोलियम, इंधनं, वंगणं. सी११ तेलं, साबण, मेणबत्त्या. सी१२ जैवरसायन, आणि त्याच वर्गात बिअर, वाइन, व्हिनेगरही. जनुकीय अभियांत्रिकी आणि दारू शेजारी शेजारी नांदतात याचं नवल वाटायला नको. किण्वन हा दोघांचा समान पूर्वज. सी१३ साखर, सी१४ कातडी.

मग मोठी उडी मारून धातू येतात. सी२१ लोह आणि पोलाद, सी२२ बाकी धातुशास्त्र आणि सगळे मिश्रधातू, सी२३ धातूंवरचे लेप, सी२५ विद्युत-रासायनिक प्रक्रिया, सी३० स्फटिक वाढवणं. शेवटी एकटा सी४०, संयोजन रसायनासाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक वेगवेगळे रेणू बनवून तपासण्यासाठी.

पोलादाबाबत इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. पोलाद *बनवणं* सी२१ मध्ये आहे: झोतभट्टीतलं कच्चं लोखंड सी२१बी, त्याचं शुद्धीकरण आणि पोलाद करणं सी२१सी, पोलादाची उष्णता प्रक्रिया सी२१डी. पण पोलादाची *घटकरचना*, म्हणजे कोणता घटक किती टक्के, ही मात्र सी२२सी मध्ये. त्यामुळे पोलादाच्या बऱ्याच पेटंटांवर सी२१डी आणि सी२२सी असे दोन्ही संकेत असतात.

पायरी ३: ‘वस्तू कोणती’ विचारू नका, ‘नवं काय’ ते विचारा

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. वर्गीकरण वस्तूच्या नावावर चालत नाही. नवेपणा कुठे आहे, यावर चालतं. नवा पदार्थ आहे? तो बनवायची रीत नवी आहे? त्यासाठीचं यंत्र नवं आहे? की जुन्याच पदार्थाचा नवा उपयोग? या चार प्रश्नांची उत्तरं चार वेगळ्या पत्त्यांवर राहतात.

ॲल्युमिनियमचा प्रवास बघा. बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून ॲल्युमिना काढायची, हे संयुगाचं काम, म्हणून सी०१एफ ७. त्या ॲल्युमिनातून वितळलेल्या क्षारात वीज सोडून धातू काढायचा, ते विद्युत-रसायन, म्हणून सी२५सी ३/०६. (चार्ल्स हॉल आणि पॉल एरू यांनी १८८६ साली एकमेकांना न कळता शोधलेली रीत ती हीच.) त्या धातूत सिलिकॉन, मॅग्नेशियम मिसळून मिश्रधातू केला की सी२२सी २१. मिश्रधातू तापवून-निववून ताकद वाढवली की सी२२एफ १/०४. साच्यात ओतला की बी२२डी. लाटून पत्रा केला की बी२१बी, म्हणजे विभागच बदलला. पत्र्यावर ॲनोडायझिंग केलं, म्हणजे ऑक्साइडचा रक्षक थर आणला, की परत सी२५डी ११. आणि त्याची भुकटी करून थरावर थर देत त्रिमितीय छपाई केली की बी२२एफ १०.

धातू एकच, पण पत्ते किमान आठ. म्हणून ‘ॲल्युमिनियमची पेटंटं कुठे असतात?’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी सांगा, तुम्ही त्याचं करताय काय?

सुरुवातीच्या दिवसांत मी याच ठिकाणी तोंडावर आपटलो होतो. ॲनोडायझिंगचा शोध घ्यायचा होता. धातूवरचा थर म्हणजे लेप, आणि लेप म्हणजे सी२३सी, असा सरळ हिशेब करून दोन दिवस तिथेच चाळत बसलो. हाती आलं ते सगळं शेजारपाजारचं. थर विजेने तयार होतो, म्हणून तो सी२५ मध्ये जातो, हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. दोन दिवस गेले, पण तेव्हापासून ‘हे घडतं कशाने?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय लागली.

जस्ताने लोखंडाचं रक्षण करायचं, हे उदाहरणही मोठं बोलकं आहे. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवलं: सी२३सी २/०६. विजेने जस्ताचा थर चढवला: सी२५डी ३/२२. जस्ताची भुकटी घातलेला गंजरोधक रंग फासला: सी०९डी ५/१०. जस्ताचा ठोकळा जोडून ठेवला, स्वतः झिजत लोखंडाला वाचवू दिलं: सी२३एफ १३. हेतू एकच, रसायनही जवळपास एकच. पण रीत बदलली की घर बदललं.

पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्यातही हीच मेख आहे. फक्त पृष्ठभाग तापवून एकदम थंड केला तर सी२१डी. पण बाहेरून कार्बन किंवा नायट्रोजन आत मुरवला, म्हणजे कार्बुरायझिंग किंवा नायट्रायडिंग केलं, तर सी२३सी ८. कारखान्यात ही दोन्ही कामं एकाच खात्यात, कधी एकाच भट्टीशेजारी होतात. म्हणून अनुभवी धातुतज्ज्ञही इथे चकतात, आणि नवशिक्यांपेक्षा जास्त आत्मविश्वासाने चकतात.

पायरी ४: उलट्या वाटेने जा

सगळी यादी वरून खाली वाचत योग्य कप्पा शोधणं हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे, कामाचा नव्हे. कामासाठी उलटं करा.

एस्पेसनेट, पेटंटस्कोप किंवा गूगल पेटंट्स, यांपैकी कुठल्याही मोफत साठ्यात साध्या शब्दांनी शोधा. नेमकी तुमच्या विषयाची वाटतील अशी दहा-पंधरा पेटंटं निवडा. पहिल्या पानावर ५१ हा आकडा कंसात किंवा गोलात दिसेल. त्यापुढचे संकेत आयपीसीचे. ५२ पुढचे बहुतेक वेळा सीपीसीचे. (हे आकडे जगभर सारखेच असतात. जपानी पेटंटाचं अक्षरही कळत नसलं तरी ५१ कळतो, ५४ म्हणजे शीर्षक आणि ५७ म्हणजे सारांश हेही.) सगळे संकेत एका कागदावर उतरवा. दोन-तीन पुन्हा पुन्हा येतील. तुमचा पत्ता बहुधा त्यांतच.

आयपीसीचे संकेत काही ठिकाणी ठळक आणि काही ठिकाणी साध्या टायपात छापलेले असतात. ठळक म्हणजे शोधाचा गाभा. साधे म्हणजे जोडमाहिती, शोधणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून दिलेली. पहिल्यांदा यादी करताना ठळक संकेतांना जास्त वजन द्या. प्रत्येक संकेतापुढे कंसात २००६.०१ असं काही दिसेल. ती त्या कप्प्याची आवृत्ती.

वायपोच्या संकेतस्थळावर आयपीसीकॅट नावाचं साधनही आहे. आपल्या शोधाचं वर्णन तिथे चिकटवलं की ते संभाव्य संकेत सुचवतं. दिशा दाखवायला चांगलं. त्याच्या भरवशावर निर्णय मात्र घेऊ नका. वर्णनात ‘जस्त’ आणि ‘लेप’ एवढंच लिहिलं असेल तर वरच्या चार घरांपैकी कुठलं, हे त्याला तरी कसं कळणार?

पायरी ५: टिपा वाचा. हो, त्या बारीक अक्षरातल्याच

हाती संभाव्य पत्ता आला की वर्गीकरणाच्या मूळ यादीत जा आणि त्या उपवर्गाच्या डोक्यावरच्या टिपा वाचा. कंटाळवाण्या असतात, पण नियम तिथेच दडलेले असतात.

सी२२सी मध्ये ‘अमुक धातूवर आधारित मिश्रधातू’ म्हणजे काय, याची व्याख्या टिपेतच आहे: त्या घटकाचं वजन किमान ५० टक्के हवं. मग पाच धातू प्रत्येकी २० टक्के घेऊन केलेल्या उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातूचं काय? त्यात कुणीच मालक नाही. त्याच्यासाठी सी२२सी ३० हा गट आहे, ज्यात कोणताही घटक ५० टक्क्यांपर्यंत पोचत नाही. टीप न वाचणारा माणूस असा मिश्रधातू निकेलमध्ये शोधतो, मग कोबाल्टमध्ये, मग हताश होतो.

सी०७ मध्ये वेगळाच नियम आहे, शेवटच्या जागेचा. रेणू दोन ठिकाणी बसत असेल, आणि वेगळी सूचना नसेल, तर यादीत जी जागा नंतर येते तिथे तो जातो. पिरिडीनच्या कड्याला ब्यूटिल साखळी जोडलेली असेल, तर साखळी सी०७सी ची आणि विषमचक्रीय कडं (ज्यात कार्बनसोबत दुसऱ्या मूलद्रव्याचा अणूही असतो) सी०७डी चं. डी नंतर येतो, म्हणून रेणू फक्त सी०७डी मध्ये.

औषधांच्या शोधात तर एक घर पुरतच नाही. नवा रेणू सी०७ मध्ये, त्याचा औषध म्हणून योग ए६१के मध्ये, आणि तो कुठल्या आजारावर चालतो ते ए६१पी मध्ये. कीटकनाशक असेल तर ए०१एन. उत्प्रेरक असेल तर बी०१जे. ‘रसायन आहे म्हणजे सी’ हे समीकरण डोक्यातून काढून टाकलेलं बरं.

पायरी ६: संकेत आणि शब्द एकत्र वापरा

नुसत्या संकेताने हजारो पेटंटं येतात, नुसत्या शब्दाने भलतीच. दोन्ही जोडा. लिथियम बॅटऱ्यांमधून धातू परत मिळवण्याचा विषय घेऊ. भंगारातून धातू काढण्यासाठी सी२२बी ७, लिथियमसाठी सी२२बी २६/१२, निकेल आणि कोबाल्टसाठी सी२२बी २३. पण वापरलेल्या बॅटरीचे उपयुक्त भाग परत मिळवणं हे एच०१एम १०/५४ मध्येही आहे, म्हणजे विजेच्या विभागात. दोन्ही विभाग ‘किंवा’ने जोडा, आणि त्यावर ‘लिथियम’, ‘कॅथोड’ यांसारखे शब्द ‘आणि’ने लावा. एकच विभाग घेतलात तर अर्धं जग सुटेल, आणि सुटलंय हे कळणारही नाही.

सीपीसीचा वाय विभाग इथे उपयोगी पडतो. तो स्वतंत्र घर देत नाही, आधीच घर असलेल्या पेटंटावर आडवी खूण करतो. वाय०२पी १० ही धातू प्रक्रियेतल्या हवामान-स्नेही तंत्रांची खूण, आणि १०/२० पुनर्चक्रीकरणाची. विषय अनेक विभागांत विखुरलेला असेल तेव्हा अशी खूण झाडूसारखी कामाला येते.

अहवालातले आकडे वाचताना

‘धातुशास्त्रात इतकी पेटंटं’ असं एखाद्या अहवालात दिसलं की थोडं थांबा. वायपो आकडेवारीसाठी आयपीसीचे संकेत ३५ तंत्रक्षेत्रांत गोळा करते. त्यातलं एक ‘साहित्य आणि धातुशास्त्र’. त्यात सी२१, सी२२, बी२२ आहेत, पण सोबत सिमेंट-सिरॅमिकचा सी०४बी, काचेचा सी०३सी आणि अकार्बनी रसायनाचा सी०१ सुद्धा आहे. उलट धातूवरचे लेप आणि विद्युत विलेपन, म्हणजे सी२३ आणि सी२५, हे ‘पृष्ठभाग तंत्रज्ञान’ या दुसऱ्याच क्षेत्रात मोजले जातात. म्हणजे सिमेंट धातुशास्त्रात आणि जस्ताचा मुलामा बाहेर! चूक कुणाची नाही, मोजणीची सोय आहे. पण हे ठाऊक नसेल तर निष्कर्ष चुकतो.

पायरी ७: जानेवारीत पुन्हा तपासा

आयपीसीची नवी आवृत्ती दर वर्षी १ जानेवारीला लागू होते. कप्पे फुटतात, काही बंद होतात, काही दुसरीकडे हलतात. जुन्या पेटंटांनाही मग नवे पत्ते दिले जातात. त्यामुळे तुम्ही जपून ठेवलेला शोध वर्षभराने तेच निकाल देईल याची खात्री नाही. तुमचा गट बदलला असेल तर जुना संकेत कुठे गेला हे सांगणारी जुळणी-यादी नव्या आवृत्तीसोबत येते. वापरलेला प्रत्येक संकेत, त्याची आवृत्ती आणि शोधाची तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि जानेवारीत त्या यादीशी ताडून बघा.